मित्र गेल्यावर बँड परत सुरू करणं म्हणजे त्याला विसरणं का?

जवळचं माणूस गेल्यावर आपण परत काही आनंदाचं सुरू केलं तर ते चुकतंय का, हा प्रश्न माझ्याकडे फार वेळा येतो. कधी नवऱ्यामागे भिशीला जायला लागलेली बाई विचारते, कधी भाऊ गेल्यावर पुढच्याच गणपतीत ढोल वाजवलेला मुलगा.

मागे एक गृहस्थ आले होते (तपशील बदललेत अर्थात), कोथरूडचे, पन्नाशी उलटलेली. कॉलेजात फिरोदिया करंडकाच्या (पुण्यातली आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा) तालमींपासून जमलेला चार मित्रांचा रॉक बँड, हे बेस गिटार वाजवायचे, दर रविवारी गॅरेजमध्ये प्रॅक्टिस. स्वतःच्या गाण्यांचा अल्बम करायचं ठरलं, दोन गाणी झालीपण, आणि ड्रमर हार्ट अटॅकने गेला. वर्षभराने बाकीच्यांनी पिंपरीचा एक पंचविशीतला मुलगा आणला.

"मॅडम, पोरगं वाईट वाजवत असतं ना, तर बरं झालं असतं."

मी तिथेच थांबले, कारण खरी ठेच तिथे होती. नवीन मुलगा बसला, गाणं चालू झालं, यांचा पाय आपोआप ठेका धरायला लागला आणि ते लक्षात आल्याबरोबर हे बेस ठेवून घरी निघून आले. मित्राशिवाय गाणं कोसळेल असं मनात कुठेतरी धरलं होतं आणि ते कोसळलं नाही, उलट मजा आली, त्याचीच शरम. अशी शरम वाटली म्हणजे प्रेम कमी होतं असं नसतं हो, पण हे नुसतं सांगून कोणाला पटत नाही.

उदाहरणं त्यांच्याचकडे होती, तीपण स्वतःविरुद्ध वापरायला. एसी/डीसी या रॉक बँडचा गायक बॉन स्कॉट १९ फेब्रुवारी १९८० ला गेला आणि जुलैत नव्या गायकासोबत 'बॅक इन ब्लॅक' अल्बम बाजारात, पाच महिन्यांत, काय माणसं आहेत ही! मी म्हटलं, कव्हर आठवा की, अख्खं काळं, त्याच्याच दुखवट्याचं, आणि पहिल्या गाण्याआधी घंटेचे टोले. मग रोलिंग स्टोन्स बँडवर आलो. त्यांचा ड्रमर चार्ली वॉट्स ऑगस्ट २०२१ मध्ये गेला, 'हॅकनी डायमंड्स' हा अल्बम आला २०२३ मध्ये. ड्रम्स बहुतेक स्टीव्ह जॉर्डनचे, पण दोन गाण्यांत चार्लीने आधी वाजवून ठेवलेलं तसंच ठेवलंय. आणि फू फायटर्स बँडने त्यांचा ड्रमर टेलर हॉकिन्स गेल्यावरच्या अल्बमला बाहेरचा ड्रमर घेतलाच नाही, त्यांचा गायक डेव्ह ग्रोलनेच ड्रम्स वाजवले. म्हणजे एकच बरोबर रीत अशी नाहीच.

मग विचारलं, तुमच्या मित्राचं नेमकं काय ठेवायचंय? बराच वेळ गप्प. मग म्हणाले, गाणं सुरू करायला वन-टू-थ्री-फोर असा काउंट द्यायच्या आधी तो घसा खाकरायचा, त्या दोन गाण्यांच्या रेकॉर्डिंगमध्ये ते आहे, साउंडवाला कापायला निघालाय.

नाही कापायचं, ठरलं. आणि वहिनींशी, म्हणजे मित्राच्या बायकोशी, बोलून या म्हटलं, कारण त्यांना काय वाटेल याची भीती हे वर्षभर मनात घेऊन फिरत होते आणि विचारलं मात्र एकदाही नव्हतं. वहिनी म्हणाल्या, "करा की, पण आधी बाल्कनीतल्या त्या ड्रमच्या पेट्या न्या, मला कपडे वाळत घालायला जागा नाही." पुणेरी परवानगी, आणखी काय!

दुःखात माणूस आत-बाहेर करत राहतो, एक दिवस रडणं एक दिवस कामाला लागणं, स्ट्रोब आणि शुट या अभ्यासकांनी १९९९ मध्ये हेच मांडलंय, की दोन्हीकडे ये-जा चालू असणं हीच प्रकृती. सहा महिने उलटूनही झोप, जेवण, काम सगळंच अडलेलं असेल आणि दुःख तसूभरही हलत नसेल तर मात्र थांबू नका, सायकियाट्रिस्टला भेटा. यांचं तसं नव्हतं.

जुनी दोन गाणी मित्राच्या वाजवण्यासकट राहिली, बाकीची नव्या मुलासोबत, आणि त्याला स्पष्ट सांगितलं की काकांसारखं वाजवायचा प्रयत्न करू नकोस. आता यांची तक्रार अशी, की पोरगं टेम्पो पळवतं. म्हटलं, ते गॅरेजमध्ये भांडून मिटवा, त्याची फी मला कशाला देताय?