सिनेगॉगमध्ये (ज्यू प्रार्थनागृहात) 'आदोन ओलाम' या हिब्रू स्तोत्राला भूप रागातली नवी चाल लावली तर चालेल का?

चालेल. पण राग शेवटी ठरवा. चाल फसते ती रागामुळे नाही, आघातामुळे, म्हणजे शब्दात जोर कुठल्या अक्षरावर पडतो त्यामुळे, आणि ते कुणी विचारतच नाही.

हिब्रूत आघात बहुधा शब्दाच्या शेवटच्या अक्षरावर पडतो. 'मेलेख', 'एरेत्झ' अशा शब्दांत त्याच्या आधीच्या. 'आदोन ओलाम' त्यात सोपं, कारण वृत्त हझज या अरबी वृत्तावरून आलेलं: लगागागा लगागागा, आणि असे दोन तुकडे मिळून एक ओळ. म्हणजे मराठी गझलेतली वियद्गंगाच! केरव्यात 'आ' आठव्या मात्रेवर उचला, 'दोन' समेवर, 'ओ' तिसरीवर, 'लाम' पाचवीवर घेऊन सातवीपर्यंत धरा. 'आ' समेवर आला की पुढची सगळी ओळ लंगडते.

'वेआहावता'ला (तोरातल्या, म्हणजे ज्यू धर्मग्रंथातल्या, देवावर प्रीती करायला सांगणाऱ्या उताऱ्याला) मात्र ताल लावायला जाऊ नका. ते गद्य आहे. आघात शेवटच्या 'ता'वर असेल तर 'प्रीती कर'. 'हाव'वर सरकला तर 'प्रीती केलीस'. गिटारवर गाजलेल्या कितीतरी चाली इथेच आपटतात. छापील तोरामध्ये पठणाची खूण बहुधा आघाताच्या अक्षरावरच असते, ती बघून चाल बांधा.

मात्रा भरायला शब्द दोनदा म्हणू नका, देवाचं नाव तर नाहीच. जागा उरली तर नुसता 'ला ला' चालतो. तालमीत देवाच्या 'अदोनाय' या नावाऐवजी 'हाशेम' ('ते नाव') म्हणायचं.

ऑर्थोडॉक्स (सनातनी) सिनेगॉगमध्ये शब्बाथला, म्हणजे शनिवारच्या विश्रांतीच्या दिवशी, पेटी नाही, तबला नाही. म्हणून मंद्र पंचम ते मध्य धैवत एवढ्यातच चाल बसवा. मोठ्या उड्या घेतल्या की चार ओळींत पट्टी उतरते. अश्केनाझी (मध्य-पूर्व युरोपातल्या ज्यूंच्या) पाठात ओळी दहा, सेफार्दी (मूळ स्पेन-पोर्तुगालच्या ज्यूंच्या) पाठांत जास्त. आधी तुमच्या सिद्दूरमध्ये (प्रार्थनेच्या पुस्तकात) मोजा.

आणि 'जुनी चालच पवित्र' म्हणणाऱ्यांना इस्राएल नाजारा दाखवा. सोळाव्या शतकातला हा कवी तुर्की, अरबी, स्पॅनिश गाण्यांच्या चालींवर हिब्रू रचना करायचा आणि कुठली चाल ते वर लिहूनही ठेवायचा. आपल्या बेने इस्राएलींनीही (महाराष्ट्रातल्या ज्यूंनीही) बायबलमधल्या कथा मराठी कीर्तनात गायल्याच की. चाल उसनी असणं हा दोष कधीच नव्हता. आळशीपणे बसवणं हा दोष आहे.

हो, हझानला (प्रार्थना गाऊन चालवणाऱ्याला) आधी विचारा. आणि योम किप्पूरच्या, म्हणजे प्रायश्चित्ताच्या दिवसाच्या, 'कोल निद्रे' या प्रार्थनेला हात लावू नका. तिथे लोक चालीसाठीच येतात.