झेड८० घेतलात ते ठीक, पण दोन आठवडे तो डब्यातच राहू द्या

तुमचं म्हणणं मला असं कळलं की लहानपणी घरी डीबी स्पेक्ट्रम होता (आपल्या पुण्याच्या डेसिबेल्सनं काढलेला स्पेक्ट्रम प्लस, तो जुना होम कॉम्प्युटर), त्यावर बेसिक शिकलात, आता त्यातल्याच झेड८० प्रोसेसरवर स्वतःचा कॉम्प्युटर बनवायचाय, चिप मागवून झालीये पण मायक्रोकंट्रोलर (एकाच चिपमधला छोटा कॉम्प्युटर) कधी हाताळलेला नाही, आणि "ते आर्डुइनो वगैरे पोरांचं खेळणं शिकायलाच हवं का?" तर हो, शिका. पुढे त्या झेड८०ला चालायला शिकवताना हेच खेळणं पांगुळगाडा म्हणून कामी येतं.

आणि खेळणं म्हणायचं तर ऊनो या आर्डुइनो बोर्डवरच्या एटीमेगा३२८पी मायक्रोकंट्रोलरकडे जरा नीट बघा. ८ बिट, १६ मेगाहर्ट्झ, ३२ केबी फ्लॅश आणि रॅम फक्त २ केबी. स्पेक्ट्रमच्या आधीच्या झेडएक्स८१ला १ केबी होती म्हणजे त्याच्या दुप्पट, पण स्पेक्ट्रमची नुसती स्क्रीनच ६९१२ बाइट खायची, ती काही इथे मावणार नाही. तेव्हा बाइट मोजून लिहायची जुनी सवय इथे परत लागते, सीरियलवर छापायची लांबलचक वाक्यं एफ मॅक्रोत (मजकूर फ्लॅशमध्येच ठेवणारं F()) गुंडाळली नाहीत तर तीसुद्धा रॅममध्येच जाऊन बसतात. एक फरक मात्र लक्षात ठेवा, यात प्रोग्राम फ्लॅशमधूनच चालतो, बेसिकच्या पोकनं रॅममध्ये मशीन कोड भरून पळवायची आपली जुनी मजा इथे नाही.

पहिल्या दिवशी सगळे करतात तसा १३ नंबरच्या पिनवरचा एलईडी लुकलुकवा. दुसऱ्या दिवशी डिजिटलराइट ही आर्डुइनोची तयार कमांड काढून टाका आणि पोर्टबी रजिस्टरमध्ये सरळ ३२ लिहा (आधी डीडीआरबीमध्येही ३२, म्हणजे पिन आउटपुट होते). १३ नंबरची पिन म्हणजे त्या पोर्टचा बिट ५, म्हणून ३२. स्पेक्ट्रमवर आउट २५४,२ टाकलं की बॉर्डर लाल व्हायची आठवतंय ना, तोच प्रकार, ठरलेल्या पत्त्यावर आकडा टाकायचा की हार्डवेअर हलतं. मला हे कळलं तेव्हा तीस वर्षांची धूळ झटकल्यासारखं झालं राव.

हे जमलं की मग झेड८० बाहेर काढा. रॅम नको, रॉम नको, आधी फक्त फ्री-रन, म्हणजे त्याला मोकळा पळू द्यायचा. आठही डेटा लाइन्स १ के (किलोओहम)च्या रेझिस्टरमधून ग्राउंडला, म्हणजे तो जिथून वाचेल तिथे त्याला ०० मिळतं, ०० म्हणजे एनओपी, आणि बिचारा काही न करता पत्ते मोजत पुढे जात राहतो. क्लॉक ऊनोकडून द्या, टोन फंक्शननं १००० हर्ट्झ. एका एनओपीला ४ क्लॉक लागतात म्हणजे सेकंदाला २५० पत्ते, म्हणून ए८ या पत्त्याच्या लाइनवर एलईडी लावलात (रेझिस्टरसकट!) तर तो साधारण सेकंदभर पेटतो, सेकंदभर विझतो, आणि ए९ त्याच्या निम्म्या वेगानं. खालच्या लाइन्सवर रिफ्रेशचे (डायनॅमिक रॅम ताजी ठेवायला झेड८० आपणहून काढतो ते) पत्तेही मधेमधे येतात, त्यामुळे तिकडे गिचमिड दिसते, घाबरू नका. चिप सीमॉस आहे ना म्हणजे झेड८४सी०० लिहिलंय ना ते बघून घ्या, जुना एनमॉस इतक्या हळू क्लॉकवर आतलं सगळं विसरतो.

माझं इथे काय झालं सांगतो. दिवे छान मोजत होते आणि मी हात जवळ नेला की ए८पासून वरचे सगळे एकदम विझायचे. दोन संध्याकाळी ब्रेडबोर्डला शिव्या घातल्या, सगळ्या वायरी उपसून परत लावल्या. शेवटी दिसलं की एनएमआयची (अडवता न येणाऱ्या इंटरप्टची) पिन मी तशीच लोंबती सोडली होती, हाताच्या नुसत्या गडबडीनं ती ट्रिगर व्हायची आणि झेड८० इमानेइतबारे ००६६ हेक्सला उडी मारायचा. तेव्हा एनएमआय, इंट, वेट, बसरिक्वेस्ट या चारही पिना १० केनं ५ व्होल्टला बांधा. डेटा लाइन्सवर रेझिस्टर का म्हटलं तेही यातच आलं, एनएमआय आला की तो स्टॅकवर लिहायला जातो, सरळ ग्राउंड केलं असतं तर त्याच्या आउटपुटचा शॉर्टच झाला असता.

पुढची पायरी, आर्डुइनोलाच रॉम-रॅम बनवायचं. ऊनोच्या २० पिना पुरत नाहीत, त्यासाठी मेगा घ्या, ५४ डिजिटल पिना आणि ८ केबी रॅम.

रास्पबेरी पाय पिको हा बोर्ड स्वस्त आहे, २६४ केबी रॅम आहे, मलाही आवडतो, पण तो ३.३ व्होल्टचा, झेड८०चे ५ व्होल्ट थेट दिलेत तर जाईल. त्यावर पिकोमाइट हे बेसिक टाकून व्हीजीए आणि कीबोर्ड जोडून बेसिकचा प्रॉम्प्ट आणता येतो, ते हौसेनं वेगळं करा. नुसतं बेसिकच हवं असेल तर खरं तर तिथूनच सुरुवात केलेली बरी.

खरेदी म्हणाल तर लॅमिंग्टन रोड किंवा बुधवार पेठेतली तपकीर गल्ली. क्लोन ऊनो चालतो, फक्त त्यावर सीएच३४० ही यूएसबीची चिप असते, कॉम्प्युटरला पोर्ट दिसला नाही तर तिचा ड्रायव्हर टाका. झेड८० मात्र एक जास्तीचा ठेवा, तो बनवणाऱ्या झायलॉगनं २०२४ मध्ये तो बंद केला आणि आता घासून नवं नाव छापलेले जुने माल फिरतात.

आणि हो, माळ्यावरचा स्पेक्ट्रम काढणार असाल तर त्याला ऊनोचा ९ व्होल्टचा अॅडॉप्टर लावू नका. प्लग बसतो, पण स्पेक्ट्रमला मधली पिन निगेटिव्ह लागते आणि आर्डुइनोची पॉझिटिव्ह असते. आधी मल्टीमीटर लावा.