सिस्टिमॅटिक रिव्ह्यू म्हणजे पेपरांचा सारांश नव्हे

प्रश्न: मी निपाणीची, बेळगावात एमएस्सी नर्सिंग करतेय. गाईड म्हणाले बिडी वळणाऱ्या बायकांच्या श्वासाच्या त्रासावर सिस्टिमॅटिक रिव्ह्यू कर. मी पन्नासेक पेपर डाउनलोड केलेत, एकेकाचा सारांश लिहायला घेतलाय. मैत्रीण म्हणते हे असं नसतंय. मग कसं असतंय? आणि मेटा-अॅनालिसिस करावंच लागतंय का?

उत्तर: मैत्रिणीचं बरोबर आहे. तुमचं चाललंय ते साधं लिटरेचर रिव्ह्यू, त्यात आपल्याला सापडलं आवडलं तेवढं घेतलं तरी चालतं. सिस्टिमॅटिकमध्ये एका प्रश्नावरचे सगळे अभ्यास ठरलेल्या नियमांनी शोधून तपासायचे असतात, तुमचे नियम घेऊन नागपूरचं कुणी बसलं तरी त्याला तेच पेपर मिळायला हवेत, म्हणून नियम आधी लिहा की. घरी वळणाऱ्या बायका की कारखान्यातल्या, तुलना कुणाशी, त्रास नुसता विचारून नोंदवलेला की स्पायरोमेट्री (नळीत फुंकून फुफ्फुसाची तपासणी) केलेली, हे सगळं प्रोटोकॉलमध्ये, म्हणजे आधी लिहिलेल्या आराखड्यात घालून प्रॉस्पेरोवर नोंदवा, ती असे रिव्ह्यू नोंदवायची वेबसाइट यॉर्क युनिव्हर्सिटीची आहे, फुकट.

मग सर्च, आणि खरी गंमत इथंच आहे. बिडीचं इंग्रजी स्पेलिंग कुणी आय लावून करतं, कुणी डबल ई, बंगालकडचे तर बिरी लिहितात, एक जरी सुटलं तरी पेपर हातचे जातात. वैद्यकीय पेपर शोधायचं पबमेड फुकट आहे, गूगल स्कॉलर जोडीला ठेवा पण त्याच्या एकट्याच्या भरवशावर राहू नका. सर्च कधी केला, कुठले शब्द टाकले, जसंच्या तसं लिहून ठेवा. दोनदा आलेले पेपर झोटेरो या संदर्भ सांभाळायच्या सॉफ्टवेअरमध्ये काढता येतात.

पेपर निवडायला दोघं लागतात, एकमेकांचं न बघता. मैत्रिणीलाच घ्या, एवढी हुशार आहे तर! पटलं नाही तिथं गाईडनी ठरवायचं. कुठल्या टप्प्यावर किती गळाले ते प्रिझ्माच्या (रिव्ह्यू कसा मांडायचा याच्या नियमावलीच्या) आकृतीत दाखवायचं, २०२० च्या चेकलिस्टमध्ये २७ मुद्दे आहेत, ती आत्ताच उघडून बघा, शेवटी नको.

बिडीवरचे बरेच अभ्यास एकदाच केलेल्या सर्व्हेचे असतात, त्यावरून त्रास तंबाखूनंच झाला असं छातीठोक म्हणता येत नाही. अभ्यास किती भरवशाचा हे तपासायला त्यांना कॉक्रेन संस्थेचं ट्रायलसाठीचं (उपचारांच्या प्रयोगांसाठीचं) टूल लावू नका, जेबीआय संस्थेची क्रॉस-सेक्शनल, म्हणजे अशा एकदाच केलेल्या सर्व्हेसाठीची चेकलिस्ट घ्या.

मेटा-अॅनालिसिस, म्हणजे वेगवेगळ्या अभ्यासांचे आकडे गणितानं एकत्र करणं, सक्तीचं नाही. एकानं खोकला विचारला, दुसऱ्यानं फुफ्फुसाची क्षमता मोजली, तर आकडे एकत्र करायचेच नाहीत, शब्दांत मांडा.

ते पन्नास पेपर टाकून देऊ नका. त्यातले नियमात बसणारे तुमच्या नव्या सर्चमध्ये येतात का बघा, नाही आले तर सर्च दुरुस्त करा.