सूफी परंपरेचा इतिहास वाचायचा आहे, पण नावांच्या गर्दीत गोंधळ होतो. सुरुवात कुठून करू? आणि यात खरं किती, दंतकथा किती?

तुमची अडचण नेहमीची आहे. राबिया, हल्लाज, रूमी, अजमेरचे ख्वाजा, निजामुद्दीन ही नावं कानावरून गेलेली असतात, पण कोण आधी, कोण नंतर, कोणाचा कोणाशी काय संबंध, हे जुळत नाही. त्यात खरं किती आणि दंतकथा किती हा तुमचा दुसरा प्रश्न. दोन्हींचं उत्तर एकाच सवयीत आहे.

‘थोर सूफींची यादी’ पाठ करू नका. एक वही घ्या आणि प्रत्येक नावापुढे तीन रकाने आखा: मृत्यूचं वर्ष, पीर कोण, आणि या माणसाबद्दल पहिल्यांदा कोणी व कधी लिहिलं. जन्मवर्ष सोडून द्या. ते बहुतेक वेळा अंदाजाने मागाहून चिकटवलेलं असतं. मृत्यूची तारीख मात्र उरुसामुळे जपली जाते.

राबियावर हे करून बघा. बसऱ्याचे संत हसन 728 साली वारले. राबिया गेली 801 मध्ये. ती ऐंशीच्या पुढे जगली असं धरलं, तरी हसन गेले तेव्हा ती शाळकरी वयाची पोर. मग हसन आणि राबिया यांचे ते प्रसिद्ध संवाद, ज्यात ती त्यांना निरुत्तर करते, ते झाले कधी? तिसरा रकाना बघितला की उलगडा होतो. या गोष्टी आपल्यापर्यंत आल्या त्या मुख्यतः अत्तारच्या ‘तझकिरतुल औलिया’मधून, म्हणजे राबियानंतर चारशे वर्षांनी. म्हणून त्या फेकून द्यायच्या नाहीत. निरपेक्ष प्रेमाची जी कल्पना राबियाच्या नावावर रुजली, ती समजायला त्या लागतातच. फक्त चरित्र म्हणून वाचायच्या नाहीत.

हल्लाजचंही तसंच. ‘अनल हक’ (मीच सत्य) म्हटलं म्हणून फाशी दिली, इतकंच सगळीकडे सांगतात. बगदादमध्ये 922 साली त्याला मारलं हे खरं. पण त्याआधी तो सुमारे नऊ वर्षं कैदेत होता, अब्बासी दरबारातल्या गटबाजीत त्याचं नाव गुंतलेलं होतं, आणि कायद्याचा आधार म्हणून जे पुढे केलं गेलं ते वेगळंच होतं: हजला जाता येत नसेल तर घरीच एका पवित्र जागी काही विधी करून ते फळ मिळतं, अशा अर्थाचं त्याचं लिखाण. त्याच शहरात जुनैद (मृत्यू 910) त्याच अनुभवाबद्दल सावध, शुद्धीवरच्या भाषेत बोलत होते आणि अंथरुणात वारले. पुढचे बहुतेक सिलसिले, म्हणजे गुरू-शिष्य परंपरा, जुनैदना आपल्या साखळीत मानाने बसवतात, हल्लाजला कवितेत ठेवतात. या दोन प्रवृत्ती, एक मस्तीची आणि एक शुद्धीची, पुढे सगळ्या इतिहासभर दिसत राहतील.

लाहोरला हुजविरींनी अकराव्या शतकात ‘कश्फुल महजूब’ लिहिलं. सूफी विचारांवरच्या फारसीतल्या सर्वांत जुन्या उपलब्ध ग्रंथांपैकी हा एक. गजालींनी (1058–1111) बगदादच्या मदरशातली मोठी नोकरी 1095 मध्ये सोडली आणि नंतरच्या लिखाणातून शरियत आणि सूफी साधना यांची सांगड घातली. त्यानंतर उलेमांना, म्हणजे धर्मपंडितांना, सूफींना सरसकट बाहेरचे ठरवणं अवघड झालं. बाराव्या-तेराव्या शतकात हे विखुरलेले गुरू-शिष्य नियम, वेश आणि वारसा असलेले सिलसिले बनले. कादरी अब्दुल कादिर जिलानींच्या (मृत्यू 1166) नावाने, मेवलेवी रूमींच्या (1207–1273) नावाने. त्याची बांधणी मात्र रूमींच्या मुलाने, सुलतान वलदने केली. विचारवंत इब्न अरबी (1165–1240) यांच्या नावाचा असा सिलसिला चालला नाही, पण त्यांची परिभाषा सगळ्यांनी उचलली.

इथे दोन खड्डे आहेत. पहिला, एकाच नावाची माणसं. शिहाबुद्दीन सुहरावर्दी दोन आहेत. एक अलेप्पोत 1191 साली मारला गेलेला तत्त्वज्ञ, दुसरे बगदादमध्ये 1234 साली वारलेले, ज्यांच्यामुळे सुहरावर्दी सिलसिला पसरला. समाजमाध्यमांवर यांची सर्रास अदलाबदल होते. दुसरा खड्डा हिजरी सालांचा. हिजरी वर्ष सुमारे 354 दिवसांचं, म्हणून थेट 622 मिळवून चालत नाही. हिजरी सालाला 0.97 ने गुणा आणि मग 622 मिळवा. निजामुद्दीन हिजरी 725 मध्ये गेले: 703.25 अधिक 622, म्हणजे 1325. हल्लाजच्या 309 ला हेच केलंत तर 921.73 येईल, पण घटना हिजरी वर्षाच्या अखेरीची असल्याने खरं साल 922. एका वर्षाचा फरक दिसला की लगेच पुस्तकाला चूक म्हणू नका, आधी महिना बघा.

आता एक सिलसिला धरा. मराठी वाचकाला चिश्ती सगळ्यात सोयीचा, कारण त्याचं एक टोक अफगाणिस्तानात हेरातच्या पूर्वेला चिश्त गावी आहे आणि दुसरं आपल्या वेरूळच्या शेजारी खुलताबादला. मुईनुद्दीन अजमेरला, त्यांचे खलिफा (अधिकार मिळालेले शिष्य) कुतबुद्दीन बख्तियार काकी दिल्लीला, त्यांचे बाबा फरीद (मृत्यू 1265) अजोधनला, म्हणजे आजच्या पाकिस्तानातल्या पाकपट्टणला, त्यांचे निजामुद्दीन (मृत्यू 1325) पुन्हा दिल्लीला. गंमत अशी की काकी आणि मुईनुद्दीन दोघेही हिजरी 633 मध्येच गेले. काकी 1235 च्या नोव्हेंबरात, त्यांचे पीर 1236 च्या मार्चमध्ये. शिष्य आधी, गुरू नंतर. मृत्यूवर्षाचा रकाना नुसता वरून खाली वाचत गेलात तर इथे अडखळाल.

साखळी चालायची कशी? मुरीद, म्हणजे शिष्य, पिराच्या हातावर बैअत (निष्ठेची शपथ) करायचा. बहुतेकांचं तिथेच थांबायचं. ज्याला पुढे मुरीद करण्याची परवानगी मिळे, त्यालाच खिलाफतनामा (अधिकारपत्र) आणि खिरका (पिराचा झगा). म्हणजे मुरीद हजारो, खलिफा मोजके. चरित्रं वाचताना हा भेद पाळा. जमातखाना, म्हणजे पीर आणि मुरिदांचं राहतं घर, चालायचा फुतूहवर, म्हणजे न मागता आलेल्या देणगीवर. सुरुवातीच्या चिश्तींचा नियम असा की जहागीर घ्यायची नाही आणि आलेलं साठवायचं नाही. समा, म्हणजे भक्तिगीतं, ऐकण्यालाही निजामुद्दीनांनी चार अटी घातल्या होत्या. गाणारा प्रौढ पुरुष असावा, ऐकणाऱ्याचं चित्त ईश्वराकडे असावं, शब्द सवंग नसावेत आणि वाद्यं नसावीत. या हिशेबाने आजची हार्मोनियम-तबल्याची कव्वाली बाहेरच राहील. एवढं पाळूनही समाच्या प्रश्नावर त्यांना गियासुद्दीन तुघलकाच्या काळात उलेमांसमोर बाजू मांडावी लागली.

या काळाचं सर्वांत भरवशाचं साधन म्हणजे ‘फवाइदुल फुआद’. कवी अमीर हसन सिजझी यांनी 1308 ते 1322 या काळात निजामुद्दीनांच्या 188 बैठका टिपल्या आणि तो मजकूर निजामुद्दीनांच्या नजरेखालून गेला. बैठकांना तारखा आहेत. त्याचा इतका बोलबाला झाला की आधीच्या पिरांच्या नावावरही तशीच पुस्तकं निघाली: ‘अनीसुल अरवाह’, ‘दलीलुल आरिफीन’ वगैरे. आजही दर्ग्याबाहेरच्या दुकानांत ही भाषांतरित मिळतात आणि वाचक नेमकी तिथूनच सुरुवात करतो, कारण ती पातळ आणि चमत्कारांनी भरलेली असतात. पण निजामुद्दीनांचे खलिफा नसीरुद्दीन चिराग-ए-दिल्ली यांनी स्वतः सांगितलं आहे की आपण किंवा आपल्या पिरांनी एकही पुस्तक लिहिलेलं नाही, असं निजामुद्दीन म्हणत. ‘खैरुल मजालिस’मध्ये ते नोंदलेलं आहे. शिवाय या पुस्तकांतले कालक्रमाचे घोळ लपत नाहीत. मुईनुद्दीनांबद्दल ठाम माहिती फार थोडी आहे, हे मान्य करून पुढे जाणं बरं.

दख्खनेत ही साखळी आणली बुऱ्हानुद्दीन गरीब यांनी (मृत्यू 1337). त्यांचा दिल्लीतला एक प्रसंग अमीर खुर्दच्या ‘सियरुल औलिया’त आहे. सत्तरी ओलांडलेले बुऱ्हानुद्दीन बसायला त्रास होतो म्हणून कांबळं दुमडून त्यावर बसायचे. कोणीतरी निजामुद्दीनांच्या कानावर घातलं की हे आता गादी घालून शेख झालेत. निजामुद्दीनांनी त्यांना समोरून उठवलं. शेवटी अमीर खुस्रो गळ्यात पागोटं अडकवून पिरापुढे उभे राहिले, तेव्हा माफी मिळाली. खिलाफतनाम्याशिवाय बसकण उंचावणं या लोकांना किती खुपायचं, ते या दुमडलेल्या कांबळ्याइतकं दुसऱ्या कशातून कळत नाही.

मुहंमद तुघलकाने दिल्लीची माणसं दौलताबादला हलवली, त्या लोंढ्यात बुऱ्हानुद्दीन आणि अमीर हसनही आले. सातशे किंवा चौदाशे पालख्या घेऊन सूफी आले, असं खुलताबादला ऐकाल. तिसरा रकाना लावा: हे आकडे नंतरच्या दंतकथांतले आहेत. त्या काळच्या साधनांसाठी काशानी भावंडांनी टिपलेली बुऱ्हानुद्दीनांची वचनं आहेत, ‘अहसनुल अकवाल’ आणि ‘नफाइसुल अनफास’. त्यांत पालख्यांची फौज नाही. मुरिदांचे आजार, उसनवारी, नोकरीच्या कटकटी आहेत. माझ्या मते तीच जास्त मोलाची.

पुढे काय झालं, तेही नीट बघा. नसीरुद्दीन 1356 मध्ये गेले तेव्हा त्यांनी पिराकडून आलेला खिरका, काठी, माळ, वाडगा आणि खडावा कोणालाही न देता आपल्याबरोबर पुरायला सांगितल्या. बुऱ्हानुद्दीनांचे खलिफा जैनुद्दीन शिराझी 1369 मध्ये वारस न नेमता गेले. दोन्हीकडे मुख्य गादी थांबली. नसीरुद्दीनांचे मुरीद गेसूदराज तैमूरच्या स्वारीच्या वेळी, 1398 मध्ये, दिल्लीतून निघाले आणि दौलताबादमार्गे गुलबर्ग्याला स्थिरावले. तिथेच 1422 मध्ये वारले. खुलताबादला मात्र सिलसिला थांबला आणि दर्गा मोठा होत गेला. खानदेशच्या फारुकींनी तापीकाठी वसवलेल्या बुऱ्हानपूर आणि जैनाबादला याच दोघांची नावं दिली. जहागीर न घेणाऱ्यांच्या कबरींना गावं इनाम मिळाली.

कोकणात माहीमचे मखदूम अली माहिमी (मृत्यू 1431) वेगळ्या वळणाचे. ते मुख्यतः ग्रंथकार. कुराणावर अरबीत भाष्य लिहिणारे आणि इब्न अरबींचे अभ्यासक. त्यांच्या जत्रेत पहिला मान मुंबई पोलिसांचा असतो हे सगळ्यांना माहीत, भाष्य फारसं कोणाला नाही. मराठीत यायचं असेल तर श्रीगोंद्याच्या शेख महंमदांचा ‘योगसंग्राम’ घ्या, 1645 चा. पण तो आधी उघडू नका. योग, भक्ती आणि सूफी विचार त्यात असे गुंफलेले आहेत की नुसत्या वारकरी चष्म्यातून अर्धं निसटतं.

वाचायचा क्रम असा ठेवा: ‘फवाइद’चं भाषांतर, रोज दोन-तीन बैठका, मग ‘कश्फुल महजूब’मधला सूफींच्या वेगवेगळ्या पंथांवरचा भाग, अत्तार त्यानंतर. रूमींची मसनवी सहा दफ्तरांची (खंडांची), पंचवीस हजारांहून अधिक द्विपदींची आहे, ती सलग वाचायला घेऊ नका. आणि दफ्तर व ओळ क्रमांक न देता फिरणारं रूमींचं वाक्य वहीत उतरवू नका.

खुलताबादला गेलात तर रस्त्याच्या एका अंगाला बुऱ्हानुद्दीनांचा दर्गा, समोर जैनुद्दीनांचा. बहुतेक जण जैनुद्दीनांच्या आवारातली औरंगजेबाची उघडी कबर बघून परततात. त्याला 1707 मध्ये इथे आणलं ते याच जैनुद्दीनांच्या पायाशी. म्हणून आधी रस्ता ओलांडून बुऱ्हानुद्दीनांकडे जा, मग जैनुद्दीन, मग औरंगजेब.