सरकारी अपिलाचं पहिलंच काम हाती आलंय?

घाबरू नका. खुनाच्या प्रयत्नाच्या आरोपातून आरोपीची निर्दोष सुटका झाली की सरकारचं अपील सत्र न्यायालयाकडून थेट उच्च न्यायालयात जातं. बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या प्रकरणांसाठी ते म्हणजे कर्नाटक उच्च न्यायालयाचं धारवाड खंडपीठ. मुदत ९० दिवस. निकालाची प्रमाणित प्रत मिळवायला लागलेला वेळ त्यातून वजा होतो, म्हणून प्रतीसाठीचा अर्ज निकालाच्याच दिवशी टाका. अपील दाखल होण्याआधी न्यायालयाची परवानगी लागते. जखमी स्वतः अपिलात गेला तर ही परवानगी लागत नाही, हे त्याच्या घरच्यांना जरूर सांगा.

आता खरी मेहनत. सर्वोच्च न्यायालयाने २००७ च्या चंद्रप्पा निकालात स्पष्ट केलंय: पुराव्यातून दोन अर्थ निघत असतील, तर सुटका सहसा मोडत नाहीत. त्यामुळे "साक्षी पटण्यासारख्या होत्या" एवढं लिहून भागत नाही. निकालातला नेमका परिच्छेद धरा, त्याच्यासमोर वगळलेली साक्ष ठेवा.

नवखे इथे चुकतात:
- जखम किरकोळ म्हणून हेतू सोडून देतात. हत्यार, वाराची जागा, वारांची संख्या पाहा. जीवघेणी जखम झालीच पाहिजे असं नाही.
- जखमी साक्षीदाराची उलटतपासणी वाचतच नाहीत.
- मराठीत दिलेली जबानी कन्नडमध्ये नोंदलेली असते, तरी फक्त इंग्रजी भाषांतरावर विसंबतात. मूळ कन्नड पान कुणाकडून तरी ओळीने वाचून घ्या.

आरोपीच्या अटकेचा अर्ज वगैरे नंतर पाहू. आधी तारखांचा तक्ता करा.