कंपन्यांचं राज्य असलेली जुनी सायफाय सांगा ना!

प्रश्न : ताई, मी इंदूरला आयटीत आहे. हुकूमशाही सरकारवरच्या कादंबऱ्या सगळेच सुचवतात, पण मला सरकार नावापुरतं आणि राज्य कंपन्यांचं असं काहीतरी जुनं हवंय. काय घेऊ?
– एक वाचक, रामबाग

उत्तर : अरे, डोळे झाकून 'द स्पेस मर्चंट्स' घे. फ्रेडरिक पोल आणि सी. एम. कॉर्नब्लूथ या जोडीची, १९५३ ची. हीरो जाहिरातवाला, काम काय तर शुक्र ग्रह लोकांच्या गळ्यात मारायचा, आणि सिनेटमध्ये बसलेत ते कंपन्यांचे सिनेटर. पोल स्वतः जाहिरातीत काम करून आलेला, ते पानोपानी कळतं. एक खाऊ असा की तो खाल्ला की एक विशिष्ट पेय प्यावंसंच वाटतं, ते प्यायलं की ठराविक सिगरेट लागते आणि सिगरेट ओढली की परत तोच खाऊ, म्हणजे आपल्या इंदूरच्या सराफ्यातल्या रात्रीच्या खाऊगल्लीत तळलेल्या तिखट गराडूनंतर (एक कंद) जिलबी आणि जिलबीनंतर परत तिखट होतं ना तसंच, फक्त इथे कंपनीने मुद्दाम लावलेली सवय! पुढे हीरो मजूर म्हणून अडकतो तेव्हा पगारापेक्षा कंपनीची उधारीच जास्त होत जाते, तो भाग तर अजिबात सोडू नकोस. बायकोचं प्रकरण मात्र मला फिकंच वाटलं.

आवडली तर मग मॅक्स बॅरीची 'जेनिफर गव्हर्नमेंट' बघ, २००३ ची. त्यात माणसाचं आडनाव म्हणजे त्याची कंपनी. जुनी नाही, पण मजा येते.