मुलगा नववीत आहे, दिवसभर ॲनिमे आणि गेम. त्याला खरी विज्ञानकथा वाचायला कशी लावू?

ताई, तुम्ही लिहिलंय की तुम्ही शाळेत असताना नारळीकर वाचून वेड्या झाल्या होत्या, आणि पोरगा मात्र शाळेतून आला की मोबाईलवर ॲनिमे, म्हणजे ती जपानी कार्टूनं, नाहीतर लॅपटॉपवर गेम, पुस्तकाला हात लावत नाही. आधीच सांगून टाकतो, या बाबतीत मी काही निःपक्ष माणूस नाही. चाळिशी उलटली, केस अर्धे गेले, आणि आमच्या शोकेसमध्ये बायकोच्या काचेच्या कपबशांच्या वरच्या कप्प्यात एक प्लास्टिकचा रोबो उभा आहे, मी स्वतः नेलकटरनं तुकडे कापून जोडलेला. पाहुणे विचारतात मुलाचा का, बायको म्हणते हो, मोठ्या मुलाचा.

तुमच्या प्रश्नात मला खटकलेला शब्द एकच, 'खरी'. पुस्तकात असली की खरी आणि स्क्रीनवर असली की खोटी, असं काही नसतं बाप्पा.

माझं लहानपण नागपूरच्या महाल भागात गेलं. गल्लीत एक दुकान होतं, सुतळीवर कपड्याच्या चिमट्यांनी कॉमिक्स लटकवलेली असायची आणि तिथंच पाटावर बसून वाचली तर भाडं कमी, घरी नेली तर जास्त. मे महिन्यात बाहेर पंचेचाळीस डिग्री, आम्ही पोट्टे घामेजून पाटावर. राज कॉमिक्स, सगळी हिंदीत, पण नागपूरच्या पोराला हिंदी कोणी शिकवावी लागत नाही. नागराजच्या अंगात साप राहायचे, तो बाकीच्यांचा लाडका. मला मात्र सुपर कमांडो ध्रुव आवडायचा, कारण सर्कशीत वाढलेल्या त्या पोराकडे शक्ती म्हणून काहीच नाही, दरवेळी अडकला की डोकं चालवून सुटायचा. त्यातलं विज्ञान पुष्कळदा ओढूनताणून आणलेलं असायचं, पण आता हा कसा सुटणार हे पान उलटायच्या आधी आपण ओळखायचं, हा नाद मला तिथं लागला. नारळीकर नंतर आले.

त्या सगळ्यातून माझं एक मत बनलंय, पटलं तर घ्या. विज्ञानकथेला एक थाप माफ असते. एकच. ती मारली की पुढचं सगळं त्या थापेला धरून चाललं पाहिजे, आणि तिचं बिल कोणीतरी भरलं पाहिजे, म्हणजे तिचे परिणाम गोष्टीत कोणीतरी भोगले पाहिजेत. लेखक अडचणीत आला म्हणून दुसरी थाप, मग तिसरी, तर ती जादूची गोष्ट झाली, छान असेल पण विज्ञानकथा नाही.

माझा शोकेसमधला रोबो आहे ना, तो गंडमचा. 1979 साली जपानी टीव्हीवर आलेली मालिका, तेव्हा प्रेक्षकच मिळेना म्हणून ठरलेल्या भागांआधीच 43 भागांत गुंडाळली, आणि मग पुढच्या वर्षी त्याची जोडायची मॉडेलं बाजारात आली आणि गाडी अशी निघाली की आजपर्यंत थांबली नाही. आता कोणीही शहाणा माणूस विचारेल की बे, अंतराळात लढाई करायची तर शंभर किलोमीटरवरून क्षेपणास्त्र सोडा ना, हे अठरा मीटरचे माणसासारखे पुतळे तलवारी घेऊन जवळ कायले जातात? तर त्यांनी काय केलं, एक काल्पनिक कण आणला, मिनोव्हस्की कण. तो पसरला की रडार बंद, लांबचा मारा बंद, डोळ्याला दिसेल तेवढ्यावरच लढाई. झाली थाप मारून. बाकी त्यातल्या माणसांच्या वसाहती बघाल तर भलेमोठे फिरणारे नळकांडे, फिरण्यानं आत वजन जाणवतं, आणि ते ठेवलेले कुठं तर पृथ्वी-चंद्राच्या लॅग्रांज बिंदूंवर, जिथं ठेवलेली वस्तू दोघांच्या ओढीत आपली जागा धरून राहते, म्हणजे प्रिन्स्टनच्या ओनील नावाच्या प्राध्यापकानं सत्तरच्या दशकात खरोखर मांडलेली कल्पना. रोबोच्या गोष्टीत इतका हिशोब!

आता उलटं पण सांगतो, नाहीतर म्हणाल हा आंधळा भक्त आहे. ॲनिमेतलं अर्धं सामान निव्वळ ओरडणं आहे. हिरो मरायला टेकला, किंचाळला, केसांचा रंग बदलला, ताकद दहापट. का? कारण तो किंचाळला. वर मधेच मूळ गोष्टीशी संबंध नसलेले भरीचे भाग, मी नारुटोचे ते सगळे बघितलेत आणि तो वेळ मला कोणी परत देणार नाही. पण मजा येते हो, ती नाकारत नाही, तर्रीपोह्यात पण जीवनसत्त्वं शोधत नाही आपण.

तुमच्या मुलाला एकच दाखवायचं असेल तर प्लानेटीस दाखवा, 26 भाग, 2003 ची आहे. 2075 साल, आणि हिरो कोण तर अंतराळातला कचरा गोळा करणारे लोक. ना परग्रहवासी, ना लेझर. ऑफिसात बजेट नाही, साहेब बोलतात, आपल्याकडच्या कुठल्याही खात्यासारखंच. एका सुट्या स्क्रूनं प्रवासी यान फुटतं तिथून गोष्ट निघते, आणि ही थाप नाहीच, खालच्या कक्षेत वस्तू सेकंदाला साडेसात-आठ किलोमीटरनं धावत असतात, त्या वेगानं स्क्रू म्हणजे बंदुकीच्या गोळीचा बाप. मालिका येऊन गेल्यावर 2009 च्या फेब्रुवारीत इरिडियम नावाच्या अमेरिकन कंपनीचा एक चालू उपग्रह आणि रशियाचा एक बंद पडलेला खरोखर धडकले. मी तेव्हा बातमी वाचून घरात ओरडलो होतो, कोणाला काही कळलं नाही.

गेमचं मात्र थोडं वेगळं आहे. पुस्तकात बिल भरतो तो नायक, गेममध्ये तुम्ही.

मागच्या उन्हाळ्यात बहिणीचा मुलगा आमच्याकडे होता, दहावीत जाणार होता. मी त्याला कर्बल स्पेस प्रोग्राम लावून दिला, 2015 सालचा आहे म्हणून माझ्या जुन्या लॅपटॉपवर पण चालतो. त्यात स्वतः रॉकेट जोडायचं आणि उडवायचं. पहिले दोन दिवस नुसते स्फोट, हा हसून राहिला. तिसऱ्या दिवशी कक्षेत पोचला, आणि तिथं आधीच एक यान फिरत होतं त्याला जाऊन जोडायचं होतं. ते यान ह्याच्या पुढं, म्हणून ह्यानं तोंड त्याच्याकडे करून इंजिन चालू केलं. थोडा वेळ जवळ गेल्यासारखं वाटलं आणि मग अंतर वाढायलाच लागलं. अजून इंजिन दिलं, अजून वाढलं. कूलरचं तोंड स्वतःकडे वळवून घेत वैतागून म्हणतो, "मामा, बग आहे याच्यात. मी पुढं जाऊन राहिलो तर मागं कसा पडून राहिलो?"

मी म्हटलं, रिंग रोड डोळ्यासमोर आण. तू वेग वाढवला की तुझी कक्षा मोठी होते, म्हणजे तू इनर रिंग रोडवरून आउटर रिंग रोडवर गेला, फेरी लांब झाली आणि वरून तिकडे चाल पण मंद. पुढच्याला गाठायचं तर ब्रेक मार, खाली ये, आतली छोटी फेरी लवकर संपते. तो माझ्याकडे असा बघत होता जसं मी त्याला शेंडी लावून राहिलो. मग त्यानं उलट्या दिशेनं इंजिन दिलं आणि दोन फेऱ्यांत ते ठिपका-ठिपका यान मोठं होत आलं. जोडलं गेलं नाही, धडकलं, सौर पॅनेल तुटून उडालं. पण गाठलं.

मग सांगितलं की हीच चूक नासाच्या जेमिनी 4 यानाच्या कमांडरनं जून 1965 मध्ये खरोखर केली होती. स्वतःच्याच रॉकेटच्या वापरून झालेल्या टप्प्याजवळ जायचं होतं, त्याच्याकडे तोंड करून इंजिन मारत राहिला, शेवटी इंधन वाया जाऊन राहिलंय म्हणून नाद सोडावा लागला. तो लढाऊ विमानाचा पायलट होता, हवेत अशीच गाठ घेतात ना. आमच्या पोट्ट्याला हे ऐकून फार बरं वाटलं. दहावीच्या विज्ञानाच्या पुस्तकात पहिलाच धडा गुरुत्वाकर्षणाचा आहे, शाळा सुरू झाल्यावर त्याचा फोन आला, "मामा, मुक्तिवेगाचं गणित सरांच्या आधी केलं."

अजून एक गेम आउटर वाइल्ड्स, त्यात सूर्य 22 मिनिटांत फुटतो आणि तुम्ही परत पहिल्यापासून, मिळवायचं काय तर फक्त माहिती, ना पैसा ना हत्यार. तो खेळताना भाषा वाचावी लागते भरपूर, मराठीत नाही, इंग्रजीत वाचावी लागते, पण नववीच्या पोराला जमेल. त्याची एक गंमत म्हणजे आतून त्यात खेळाडू जागचा हलतच नाही, मोठ्या अंतरावर कॉम्प्युटरच्या आकड्यांची अचूकता बिघडते म्हणून सगळी सूर्यमाला त्याच्याभोवती हलवतात. म्हणजे खेळाडू आपला झिरो माईल, नागपुरातला तो खांब, जिथून सगळी अंतरं मोजायचे असं म्हणतात. हे वाचलं तेव्हा मला उगाचच अभिमान वाटला.

फुकटचे मोबाईल गेम, ज्यात दर पाच मिनिटाला टॉप-अप मागतात, त्याबद्दल मी काही चांगलं बोलणार नाही, ते बंदच करा. आणि रात्री अकराला लॅपटॉप बंद, हे आमच्याकडे पण आहे.

आता नारळीकर. मुलाच्या हातात पुस्तक देऊन 'हे वाच, ते सोड' म्हणाल तर संपलं. त्याऐवजी जेवताना त्याला विचारा, तू बघतोस त्याच्यात थाप कुठली मारलीय आणि बिल कोण भरतं. खरंच विचारा, परीक्षा घेतल्यासारखं नाही. माझा भाचा ह्याच्यावर तासभर भांडतो. मग एक दिवस मी सहज सांगितलं की 1974 साली मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेत जयंत विष्णू नारळीकरांनी स्वतःचं नाव लपवून, नारायण विनायक जगताप म्हणून 'कृष्णविवर' पाठवली होती, आद्याक्षरं उलटी करून, आणि पहिलं बक्षीस घेतलं. पोराला हे ॲनिमेतल्या मुखवटा घातलेल्या योद्ध्यासारखं वाटलं बहुतेक, कारण बर्डीच्या फुटपाथवरून मी आणलेलं जुनं पुस्तक त्यानं त्या रात्री उचललं. 'धूमकेतू' वाचली. पृथ्वीवर आदळायला आलेला धूमकेतू अणुस्फोटानं बाजूला ढकलतात, आणि शोध लावणाऱ्याच्याच घरात तो टळावा म्हणून यज्ञ, ती गोष्ट.

सकाळी चहाच्या वेळी काय म्हणावं, "मामा, गोष्ट मस्त आहे, पण धूमकेतू किती आधी ढकलावा लागेल? जवळ आल्यावर ढकलून काय फायदा?" मी डार्टचं सांगितलं, 2022 च्या सप्टेंबरमध्ये नासानं डिमॉर्फोस नावाच्या छोट्या लघुग्रहावर यान आपटलं आणि तो ज्या मोठ्या लघुग्रहाभोवती फिरतो त्याच्याभोवतीची त्याची फेरी अर्ध्या तासानं कमी झाली. कर्बलमध्ये पण लघुग्रह पकडता येतो. हे सांगायला नको होतं. बहिणीचा काल फोन होता, तीन दिवस झाले, इंधन दरवेळी अर्ध्यात संपून राहिलं, लघुग्रह आहे तिथंच आहे आणि पोट्टा जेवायला उठत नाही.